मोपाच्या ऑफिसचा प्रसाद

गौरवीने ऑफिसांवरचे सिनेमे इतके पाहिले होते, की त्यांतली एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं : त्यांत कुणीच काम करत नाही. नायिका काचेच्या लिफ्टमधून वर जाते, कॉफीचा कागदी पेला धरून झपाझप चालते, प्रेझेंटेशन देते, टाळ्या घेते आणि ज्याच्याशी भांडत होती त्याच्याच प्रेमात मध्यंतराच्या सुमारास पडते. मालाच्या ट्रकसोबत द्यायचं ई-वे बिल काढताना ती एकदाही दिसत नाही.

गौरवी कारापूरची. डिचोलीत सगुणबाबांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ती चार वर्षं ई-वे बिलंच काढत होती. पूर्वी सगुणबाबांचे ट्रक खनिज वाहायचे. आता मोपाच्या विमानतळावर उतरलेला माल हॉटेलांना पोचवायचे. ऑफिस तळमजल्यावर, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न मिटलेला. टायरांच्या ढिगाला वळसा घालून झपाझप चालता मात्र येत असे, आणि ती चालायची. सिनेमातलं बाकी सगळं खोटं असलं तरी बढती खरी असते, असं तिचं ठाम मत होतं. मोपाला नवी शाखा निघणार होती आणि तिथली मॅनेजर आपणच, हे तिने ठरवून टाकलं होतं.

प्रज्योतनेही तेच ठरवलं होतं. तो पेडण्याचा, एमबीए, सहा महिन्यांपूर्वी आलेला. टाय लावायचा. सिनेमे त्यानेही तेच पाहिले होते, पण श्रद्धेने. गौरवीशी रोज भांडण होतंय म्हणजे मध्यंतर जवळ आलं, असा त्याचा समज. गौरवीच्या मते पडद्यावर अजून सुरुवातीची नावंच पडत होती.

दोघांनी आपापली प्रेझेंटेशनं तयार केली. सगुणबाबांनी दोन्ही लॅपटॉपकडे लांबूनच पाहिलं.

“बरी आसत. पण माणूस निवडूचो म्हणजे देवीक विचारूक होया. सोमवारी प्रसाद लावया.”

म्हणजे देवीच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी पडेल ते देवीचं उत्तर. सगुणबाबांनी पहिला ट्रक असाच घेतला होता, मुलीचं लग्नही असंच ठरवलं होतं.

“एमबीएला हे शिकवलं नाही,” प्रज्योत पुटपुटला.

“मग फी परत माग,” गौरवी म्हणाली.

सोमवारी देवळात पुजारी भटमामांनी देवीला गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. उजवी गौरवीची, डावी प्रज्योतची. अर्धा तास झाला तरी दोन्ही जागच्या हलेनात. सगुणबाब खांबाला टेकले.

“तवसर तुमचा काय ता दाखवा.”

प्रज्योतने लॅपटॉप उघडून दाखवलं. वर जाणारा बाण, एकमेकांत गुंफलेले गोरे हात, शेवटी सूर्योदय.

“ह्या खंयचा हॉटेल?” भटमामांनी विचारलं.

“सूर्योदय आहे, भटमाम. कंपनीचं भविष्य.”

“आणि सूर्योदयाक आमचो ट्रक खंय आसता?”

हे प्रज्योतला ठाऊक नव्हतं. गौरवीला ठाऊक होतं : ट्रक रिकामा परतत असतो. तिच्याकडे एकच तक्ता होता. हॉटेलात माल उतरवून रोज सात ट्रक रिकामे मागे येतात. त्यांतून हॉटेलांच्या धुवायच्या चादरी-टॉवेल आणायचे. चार हॉटेलांशी ती बोललीही होती. सगुणबाब खांब सोडून सरळ बसले.

तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

प्रज्योतचा चेहरा उजळला. मग त्याला नायकाचं कर्तव्य आठवलं. टायची गाठ सैल करून तो म्हणाला, “सगुणबाब, हे पद मी घेऊ शकत नाही. गौरवीसाठी मी...”

“ओ हिरो, बस खाली,” गौरवी म्हणाली. “देवीने दिलंय ते घे. मी मागितलं तुझ्याकडे?” मग ती वळली. “भटमाम, डावीकडे आणखी एक पाकळी लावा. माझा वेगळा प्रश्न आहे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.”

“विचार गो बाय.”

“ह्या चार हॉटेलांचं काम घेऊन मी मोपाला स्वतःचा धंदा काढू का? ड्रायव्हर अमोल त्याचा ट्रक घेऊन यायला तयार आहे.”

भटमामांनी पाकळी पाण्यात बुडवली. देवीचं उत्तर कधी चुकत नाही, असं सगुणबाब आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. आज पहिल्यांदाच त्यांना त्या गोष्टीची धास्ती वाटली.

“रे भटा, थांब!”

“कित्याक? गाऱ्हाणा तयार आसा.”

“देवीक किती तरास देतलस? गौरवी, बाय, ह्या बघ. मोपाक देवीन प्रज्योताक धाडल्यान, तो जातलो. पण डिचोली आणि मोपा, दोनय ऑफिसां बघूक कोणतरी वयर होयो. ता तू बघ.”

“म्हणून कोण?”

“जनरल मॅनेजर.”

“आणि चादरींच्या धंद्यात भागीदारी?”

सगुणबाबांनी भटमामांकडे पाहिलं. पाकळी देवीच्या खांद्यापासून चार बोटांवर आली होती.

“अर्धी,” ते म्हणाले.

“लिहून?”

“लिहून गो, लिहून!”

भटमामांनी हात खाली घेतला. प्रज्योतने हळूच विचारलं, “म्हणजे तू माझी साहेब?”

“ऑफिसात ‘तुम्ही’ म्हणायचं.”

“आणि ऑफिसाबाहेर?”

गौरवीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “महिनाभर तुझं काम बघते, मग सांगते.”

मग देवीसमोर मांडी घालून तिने लॅपटॉपवर कोरं पान उघडलं आणि कराराचं पहिलं कलम टाइप करायला घेतलं. सगुणबाब चष्मा पुसत शेजारी येऊन बसले.

“वकिलाच्या भाशेत नको गो,” ते म्हणाले. “देवीक समजात असा लिही. साक्षीदार तीच आसा.”