प्रीतमच्या नावाचं फाटक

दिवा स्टेशनजवळच्या त्या सोसायटीला आजवर फाटकच नव्हतं. नुसते दोन खांब होते, आणि त्यांच्यामधून टँकर, रिक्षा, कुत्री, भंगारवाले सगळे बिनदिक्कत आत यायचे. फाटक बसवायचं ठरलं ते प्रीतम गेल्यावर.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावानं काहीतरी उभं करायची हौस असते. कुणी बाकडं देतं, कुणी पाणपोई. प्रीतमचे वडील महिपत सावंत मीटिंगमध्ये म्हणाले, "मी फाटक देतो. पोराचं नाव तरी राहील." सेक्रेटरी संदेश घाडींना तेवढंच हवं होतं. जिन्याखाली कोंडाळं करून बसणाऱ्या पोरांवर त्यांचा जुना राग. त्यांनी तिथल्या तिथे नियम करून टाकला: पंचविशीच्या आतल्या कुणीही रात्री दहानंतर फाटकाबाहेर पडायचं नाही आणि आवारातही बसायचं नाही. हात भराभर वर झाले. ज्यांच्या घरात पोरं नव्हती त्यांचे सगळ्यात आधी.

"प्रीतम रात्रीचा भटकायला गेला नसता, तर आज आपल्यात असता," घाडी म्हणाले आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

प्रीतमच्या आईने, सुहासिनीने, लावला नाही. ती मागच्या खुर्चीवर बसून होती. शिमग्यात प्रीतम गेला तेव्हापासून तिला रडूच येत नव्हतं. भूक लागत नव्हती, राग येत नव्हता, भात करपला तरी वास येत नव्हता. आपल्याला काही वाटत नाही, याची भीती वाटायला हवी, एवढं तिला कळायचं. पण तीही वाटायची नाही.

प्रीतम भटकायला गेलाच नव्हता. त्याची धाकटी बहीण रुचिता शिमग्याला काकांबरोबर गावी गेलेली. परीक्षा होती म्हणून ती एकटीच परत निघाली, एसटी घाटात रखडली आणि ठाण्यात खोपटच्या डेपोत पोचायला रात्र झाली. "रिक्षानं एकटी येऊ नकोस, दादाला पाठवते," असं सुहासिनीनंच फोनवर सांगितलं. जेवत्या पोराला तिने ताटावरून उठवलं. बायपासवर कंटेनरने त्याची बाईक उडवली. रुचिता डेपोच्या बाकावर दादाची वाट बघत बसली होती. शेवटी तिला आणायला मामा गेले. दुसऱ्या दिवशी ती घरात दिसली तेव्हा लोकांना वाटलं, भावाचं कळलं म्हणून गावाहून धावत आली.

"वाटतंय ते वाटू दे," महिपतने बायकोला बजावलं. "पोरीचं लग्न व्हायचंय. हिनेच भावाला खाल्लं म्हणतील."

तेव्हापासून रुचिता आईशी बोलत नव्हती. दोघींमध्ये बोलण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि तीच बोलायची नव्हती.

लोकांना मात्र बोलायला काही लागत नाही. पोरांनी प्रीतमला नादाला लावलं असं ठरलं, आणि शिव्या खाल्ल्या त्याच्या दोस्ताने, राकेशने. एकदा टँकरच्या रांगेत राकेशने सुहासिनीची कळशी उचलली आणि हळूच म्हणाला, "काकू, रुचिताला आणायला जातो बोलूनच गेलेला तो. आपण कोणाला काय बोललो नाय. काका नको बोललेले ना." एवढ्याशा पोराने एवढं पोटात ठेवलं, आणि तिला नुसतं "बरं" म्हणता आलं.

फाटक बसलं त्या संध्याकाळी हार घातला, नारळ फोडला. पत्र्यावर ठसठशीत अक्षरं होती: 'कै. प्रीतम महिपत सावंत यांच्या स्मरणार्थ'. त्याच्याखाली लाल रंगात मनाईचा नियम. सुहासिनीने ते वाचलं, परत वाचलं. पोराचं नाव राहणार होतं खरं, पण भटक्या म्हणून. येणारा-जाणारा रोज वाचणार होता.

घाडींनी कुलूप-किल्लीचं तबक तिच्यापुढे धरलं. "वहिनी, पहिलं कुलूप तुमच्या हातून. आणि दोन शब्द बोला. आई म्हणून सांगा या पोरांना."

महिपतने तिच्याकडे बघून मान हलवली. नको. बायकांच्या मागे रुचिता ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती.

"प्रीतम भटकत नव्हता," सुहासिनी म्हणाली.

महिपतचा चेहरा उतरला. रुचिताने डोळे मिटून घेतले.

"मला रात्री त्रास व्हायला लागला. औषध आणायला मीच पाठवलं त्याला. जेवत होता. मीच उठवलं."

शेवटची दोन वाक्यं खरी होती.

शेजारच्या मंदाकिनीने तिच्या पाठीवर ठेवलेला हात हळूच काढून घेतला. खांबाला टेकलेला राकेश खाली बघायला लागला. घाडींनी घसा खाकरला.

"तेच तर सांगतोय मी," ते म्हणाले. "औषधं दिवसाच आणून ठेवावीत."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. सुहासिनीने कुलूप लावलं. आता तरी मोकळं वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. काही वाटलं नाही.

घरी आल्यावर महिपत म्हणाला, "अगं, स्वतःवर कशाला घेतलंस?"

"होतंच माझ्यावर," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

थोड्या वेळाने रुचिता स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा आपणहून आईजवळ आली होती. सुहासिनीने गॅस बारीक केला.

"आई," रुचिता म्हणाली, "कसलं औषध होतं? उद्या कुणी विचारलं तर दोघींचं एकच यायला हवं ना."

सुहासिनी विचार करू लागली. तिला एकाही औषधाचं नाव आठवेना.

"दम्याचं सांग," ती शेवटी म्हणाली.

रुचिताने मान डोलावली आणि पाठांतर करावं तसं एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं, "दम्याचं."