रांजणाच्या बुडातलं बीट

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. आता तीन तुकड्यांत पडलो आहे, म्हणून गोष्टही तुकड्यातुकड्यानं सांगतो.

काठ

सोलापुरात भट्टीतून निघालो, तेव्हा माझ्यातल्या गार पाण्याची सारी गल्ली तारीफ करी. मग मला तडा गेला. माझ्या जागी नवा रांजण बसला आणि मी न्हाणीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलो. तिथं कुणी फिरकेना.

पोट

एका हिवाळ्यात नीलम्मानं माझ्यात ओलसर वाळू भरली. तिचा नवरा गुरप्पा साहेबाच्या बंगल्यावर माळी. साहेब विलायतेला निघाला, तेव्हा वाफ्यातली बीटं गुरप्पानं घरी आणली. नीलम्मानं पाला तोडला, पण बोटभर देठ राखले. शेपटं तशीच ठेवली. माती नुसती झटकली आणि एकाला दुसरं चिकटणार नाही असं एकेक बीट वाळूत निजवलं.

शेजारची चांदबी म्हणाली, "अगं, धुवून तरी ठेव! पोरीला माती चारतीस व्हय?"

"धुतलं की सडतंय. जगदेवी बाळंतपणाला येईपर्यंत टिकाय पायजेत की."

"आन् सासूनं धाडलीच न्हाय तर?"

नीलम्मा वाळू सुकली का, ते हात घालून पाहू लागली. रोज पाही. रोज कुणीतरी माझ्याकडं येत होतं!

बूड

जगदेवीच्या सासरहून, अक्कलकोटाकडून निरोप आला, "उद्या गाडी जुंपतो." नीलम्मा हरखली. लेकीला लालबुंद दिसावीत म्हणून तिनं बीटं उपसली, घासूनपुसून धुतली आणि पुन्हा माझ्यात ठेवली.

उद्या गाडी आली नाही. परवाही नाही. सासूनं अडवली होती.

पौर्णिमा उलटल्यावर जगदेवी आली, तोवर माझ्या पोटात घाण सुटली होती. नीलम्मानं सडलेली बीटं उकिरड्यावर नेली. पण माझ्या अगदी बुडाशी एक बीट उपसायचं राहून गेलं होतं. मातीनं माखलेलं. टणक.

जगदेवीनं ते हातात घेतलं आणि हसली. "एकच ठिवलंस गं अव्वा? बाकीची तुमी दोघांनी फस्त केली व्हय?"

आपल्या उशिरानं बीटं सडली, हे लेकीच्या जिवाला लागू नये, असं नीलम्माला वाटलं.

"व्हय," नीलम्मा म्हणाली. "लई गोड हुती."

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण रांजणाला बोलता येत नाही. त्या दिवसानंतर माझ्या वाळूत कुणी हात घातला नाही.

मित्रांनो, बीट खायच्या वेळीच धुवा. आणि कोपऱ्यात एखादं तडकलेलं भांडं असेल, तर जाता-येता त्याला हात लावून जा.