ग्रेस की स्टार

मंदाबाई सुरवाडेंना जहाजांचं वेड लागलंय, असं जळगावच्या मेहरूण भागातल्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणू लागले होते. दुपारची भांडी आवरली की त्या भिंतीला टेकून बसत आणि मोबाइलवर मोठमोठ्या पर्यटन जहाजांचे व्हिडिओ बघत. सुरतचं नाहीतर इंदूरचं एखादं कुटुंब सुट्टीला निघालेलं असे. पोरं घसरगुंडीवरून पाण्यात पडत, बायका गॉगल लावून फोटो काढत, पुरुषमंडळी जेवणाच्या टेबलावर काय काय मांडलंय ते कॅमेऱ्यात दाखवत. शेजारच्या सुनंदाबाई एकदा सहज आल्या, तर मंदाबाई व्हिडिओतला एकच तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होत्या. सुनंदाबाई हसून म्हणाल्या की एवढी हौस आहे तर चिंधाभाऊंना घेऊन एकदा जाऊनच या. मंदाबाईंनी पुन्हा तोच तुकडा मागे नेला.

त्या कुटुंबांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या मागून उष्टी ताटं उचलत जाणाऱ्या पोरांकडे त्या बघत होत्या.

त्यांचा मुलगा रविंद्र अशाच जहाजावर कामाला होता. मंदाबाईंचे यजमान चिंधाभाऊ यांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली, रवी आणि त्याची धाकटी बहीण समीक्षा तिथल्या कॉलनीतच वाढले; निवृत्तीनंतर सगळे जळगावात आले. रवीने नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि एका परदेशी कंपनीच्या जहाजावर वेटर म्हणून लागला. पहिली खेप चांगली गेली. तो व्हिडिओ कॉलवर आपली बिनखिडकीची खोली दाखवायचा, आईला हसवायचा. दुसऱ्या खेपेला गेला आणि थंडी सरता सरता त्याचे फोन आखडले. आधी आठवड्यातून एकदा, मग नुसताच मेसेज, मग काहीच नाही. नंबर बंद झाला. फेसबुकवरून तो नाहीसा झाला.

चिंधाभाऊ मुंबईला जाऊन नोकरी लावणाऱ्या एजन्सीत बसले. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की मुलगा ठीक आहे, कामावर आहे. कुठल्या जहाजावर, ते मात्र तो सांगेना. चिंधाभाऊ उठायलाच तयार नाहीत असं बघून शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "काका, तुमच्या मुलानेच कळवलंय. घरच्यांना माझ्याबद्दल काही सांगू नका म्हणून."

त्या दिवसापासून घरात कुणी नीट जेवलं नाही. मुलगा मेला असता तर रडता आलं असतं. हा जिवंत होता आणि त्याला आईबाप नको होते. चिंधाभाऊ आपलंच बोलणं उकरत बसायचे. लग्नाचं जरा जास्त लावून धरलं का, मागच्या वेळी स्टेशनवर सोडताना काही लागेलसं बोललो का. समीक्षा शाळेत शिकवायची, संध्याकाळी घरी आली की दोघांच्या तोंडाकडे बघून काय झालं ते विचारायचीही नाही. बुद्धवंदनेला बसल्यावर मंदाबाईंचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही.

वाट समीक्षानेच काढली. घरचे म्हणून कुणी आपल्याला आत घेणार नाही, पण तिकीट काढून प्रवासी म्हणून कुणालाही जाता येतं, असं ती म्हणाली. कंपनीची दोन जहाजं उन्हाळ्यात सिंगापूरहून सुटायची. एकाचं नाव स्टार, दुसऱ्याचं ग्रेस. रवीचा शेवटचा फोन आला तेव्हा तो स्टारवर होता. पण त्याच्याबरोबर काम केलेल्या एका मुलाला समीक्षाने फेसबुकवर गाठलं, तेव्हा त्याने एवढंच लिहिलं की रवीने बदली मागितली होती, बहुतेक ग्रेसवर, मिळाली की नाही माहीत नाही. त्यानंतर त्याने उत्तर दिलं नाही.

आणि मंदाबाईंना ग्रेसच्या एका व्हिडिओत एक मान दिसली होती. पाठमोरा पोरगा, हातावर ताटांची चळत, मान जराशी डावीकडे कललेली. चिंधाभाऊंनी दहादा बघितलं आणि हा आपला रवी नाही म्हणाले. समीक्षाला कधी वाटे तोच, कधी वाटे नाही.

दोन्ही जहाजांवर जाणं होणारं नव्हतं. समीक्षाला सुट्टी एकदाच मिळणार होती, आणि एकदा प्रवाशांच्या यादीत नाव बघून रवी सावध झाला तर पुन्हा हाती लागणार नाही, ही भीती तिघांनाही होती. एकच जहाज निवडायचं होतं.

जळगावात बोभाटा नको म्हणून ते धुळ्याला गेले. तिथे हिलाल चौधरी नावाचा टूरवाला दोन्ही जहाजांवर स्वतः गट घेऊन गेलेला होता. एसटीने पारोळं मागे टाकल्यावर चिंधाभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले की स्टारच घ्यायचं, आपल्याला खात्रीचं तेवढंच ठाऊक आहे. मंदाबाईंनी मोबाइल काढून तो व्हिडिओ पुन्हा लावला.

हिलालने त्यांना थंड पाणी दिलं, चहा सांगितला. निवृत्तीनंतरची सहल असेल असं तो धरूनच चालला होता आणि चिंधाभाऊंनीही तसंच भासवलं. मग त्याने रंगीत पुस्तिका उघडल्या. स्टार मोठं, अठरा मजली. त्यावर नाटकगृह आहे, बर्फावरचे खेळ आहेत, शाकाहारी जेवणाचा वेगळा कोपरा आहे. ग्रेस जरा जुनं आणि लहान, पण वयस्कर माणसांना बरं, फार चालावं लागत नाही. बाल्कनीची खोली घेतली तर अक्कांना बसल्या बसल्या समुद्र दिसेल, असं तो मंदाबाईंकडे बघून म्हणाला.

"तिथे ताटं कोण उचलतं?" मंदाबाईंनी विचारलं.

हिलाल हसला. अक्का, तुम्हाला काहीच करायचं नाही, सगळ्याला माणसं असतात, असं त्याने सांगितलं.

"ती माणसं राहतात कुठे?"

खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, तो म्हणाला. तिकडे प्रवाशांना सोडत नाहीत.

"मग दोन्हीपैकी कुठल्या जहाजावर ती पोरं वर जास्त दिसतात?"

हिलालचा पान उलटणारा हात थांबला. त्याने चिंधाभाऊंकडे बघितलं, तर ते जमिनीकडे बघत होते. समीक्षाने पर्समधून रवीचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता, म्हणून तिला मधेच आवाज चढवावा लागत होता, आणि मोठ्याने सांगताना ते सगळं आणखीच वाईट वाटत होतं.

हिलालने फोटो बराच वेळ बघितला. हा मुलगा पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने खोटा धीर दिला नाही. स्टारवर हजाराच्या वर कामगार आहेत, तो म्हणाला, आठवडाभर शोधला तरी तोंड दिसायचं नाही. ग्रेसवर निम्मे. सापडलाच तर ग्रेसवर सापडेल, पण तो असायला हवा तिथे. पुस्तिका मिटून तो उठला आणि चहा का आला नाही ते बघायला बाहेर गेला. तिघांना एकटं सोडावं म्हणूनच तो गेला होता.

"स्टार," चिंधाभाऊ म्हणाले. "एका मानेच्या भरवशावर मी पोरगा घालवणार नाही."

"स्टारवर असला तरी तुम्हाला दिसणार नाही, ऐकलं ना आता?" मंदाबाई म्हणाल्या.

"मग काय करू मी?" ते एकदम म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. दीपनगरच्या नोकरीत बॉयलरसमोर उभं आयुष्य काढलेला हा माणूस, त्याला रडताना समीक्षाने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रुमाल डोळ्यांवर दाबून धरला. मग मंदाबाईंना म्हणाले, "तू सांग. चुकलं तर मी तुला कधी बोलून दाखवणार नाही."

हिलाल परत आला तेव्हा मंदाबाईंनी ग्रेसच्या पुस्तिकेवर हात ठेवला होता.

मे महिन्यात ते सिंगापूरहून निघाले. जहाजावर सगळीकडे गाणी, दिवे, लहान मुलांचा आरडाओरडा. हे तिघं मात्र प्रत्येक जेवणाला वेगळ्या हॉलमध्ये जाऊन बसत, ताट न भरता वाढणाऱ्यांची तोंडं बघत. तिसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाईंना ती मान दिसली. तशीच डावीकडे कललेली, हातावर ताटं. त्या खुर्ची मागे सारून धावल्या आणि त्यांनी त्या पोराचा दंड धरला.

पोरगा वळला. तो नेपाळचा होता.

मंदाबाई तिथेच खाली बसल्या. लोक बघू लागले. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन आला, हिंदीत माताजी माताजी करत वारा घालू लागला. त्यांना बोलताच येईना, म्हणून समीक्षाने त्याला फोटो दाखवला. त्याने तो बघितला आणि इकडे तिकडे नजर टाकली. मग हळूच म्हणाला की हा तर लॉन्ड्रीतला रवी. वरचं काम सोडून त्याने स्वतःच खालचं मागून घेतलं, वर कधीच येत नाही.

मान चुकली होती, जहाज बरोबर निघालं होतं.

खूप विनवण्या केल्यावर एका अधिकाऱ्याने मलेशियातल्या पेनांगच्या बंदरात थोडा वेळ भेट करून दिली. एका लहानशा खोलीत रवी आला. वाळून काडी झाला होता. आईने जवळ घेतलं तरी त्याचे हात खालीच राहिले. चिंधाभाऊंनी एवढंच विचारलं की आमचं काय चुकलं.

"तुमचं काही नाही," रवी म्हणाला, आणि भिंतीकडे बघत त्याने सांगितलं.

स्टारवर त्याच्या खोलीत साक्रीकडचा प्रेमराज नावाचा मुलगा होता. काही दिवस तो गप्प गप्प असायचा. एकदा काम संपल्यावर त्याने रवीला वर डेकवर चल, जरा बसू, असं म्हटलं. रवी दमला होता, उद्या बसू म्हणाला आणि कूस बदलून झोपला. सकाळी शेजारचा पलंग रिकामा होता. कंपनीने शोध घेतला, कॅमेऱ्यात तो एकटा कठड्याकडे जाताना दिसला. पुढे काही नाही. प्रेमराजने आईला रवीचा नंबर देऊन ठेवला होता. ती माउली रोज फोन करायची, मना पोऱ्या कोठे शे, माझा पोरगा कुठे आहे, एवढंच विचारायची. रवीने एकदा सांगितलं की कंपनीला विचारा. मग फोन उचलणं सोडलं. मग सिमकार्ड समुद्रात टाकलं.

"तुमचा फोन वाजला तरी मला तीच वाटायची," तो म्हणाला. "तिचा मुलगा गेला आणि मी माझ्या आईशी काय बोलू?"

तुझी चूक नव्हती, असं चिंधाभाऊ म्हणू लागले. मंदाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"त्याने तुला वर बोलावलं होतं, हे तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग ते तिला सांगावं लागेल. मी येईन तुझ्याबरोबर."

रवी त्यांच्याबरोबर उतरला नाही. वेळ संपली आणि तो खाली निघून गेला. परतीचा सगळा प्रवास मंदाबाई त्या बाल्कनीत बसून होत्या, आणि समुद्र बघवत नाही म्हणून पाठ त्याच्याकडे करून बसल्या होत्या. पण पावसाळा संपताना एका सकाळी रवी बॅग घेऊन दारात उभा राहिला. दोन-चार दिवसांनी म्हणाला, "आई, जाऊन येऊ."

साक्रीच्या पुढे, माळावरच्या एका वाडीत, प्रेमराजची आई भागाबाई राहायची. तिने दोघांना खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली. रवीने काही न लपवता सांगितलं. वर चल म्हणाला होता, मी गेलो नाही, हेही सांगितलं. भागाबाई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "त्या रातले तो जेवना व्हता का?"

"हो. आम्ही एकत्रच जेवलो. भात होता."

मंदाबाईंना वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण भागाबाई पुढे सरकली आणि तिने रवीचा हात दोन्ही हातांत धरला.

"दर्या मोठा शे," ती म्हणाली. "कोठे तरी लागना व्हई तो. तू परत जाशी ना तठे? दखजो रे भाऊ."

समुद्रावर माझ्या मुलाला बघ म्हणणाऱ्या तिच्या हातांतून रवीला हात सोडवून घेता येईना. त्याने आईकडे बघितलं. मंदाबाई खाटेवरून उतरून भागाबाईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. हा आता परत जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आपला नंबर दोनदा म्हणून दाखवला, भागाबाईच्या थोरल्या मुलाच्या बायकोकडून मोबाइलमध्ये घालून घेतला.

"त्याला नका करू, अक्का. मला करत जा. केव्हाही करा."

फोन येतात. कधी सकाळी, कधी भर दुपारी. प्रश्न तोच असतो. मग मंदाबाई पावसाचं विचारतात, बाजरी कशी आहे ते विचारतात, आणि भागाबाई बोलत राहते. रवी जळगावातच एका हॉटेलात कामाला लागला आहे. घरात असला आणि तो फोन वाजला की तो चप्पल घालून मेहरूणच्या तळ्याकडे निघून जातो. मंदाबाई त्याला अडवत नाहीत. फोन मात्र त्यांनी एकदाही नुसता वाजू दिलेला नाही.