डबा खाली नाही

हे मी सांगायला नको होतं. नंदाकाकूंनी मला डब्यात टाकताना अपूर्वाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बजावलं, "कुणापाशी बोलायचं नाही." मला वेगळं सांगितलं नाही, कारण किल्ली बोलत असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. पण डब्यात अंधार आहे, शेवेचा वास आहे आणि बाहेरून रामकन्याबाईंचा आवाज येतोय. म्हणून बोलते.

मी किल्ली. टावर चौकाच्या मागे मराठी मंडळाची दुमजली इमारत आहे, तिच्या वरच्या हॉलची. माझ्या आधीची किल्ली मंडळाच्या अध्यक्षांनी, भय्यासाहेबांनी, क्षिप्रेत डुबकी मारताना खिशातून घालवली. मग देवास गेटजवळच्या कुलूपवाल्याने कानशीने घासून घासून मला घडवलं. मंडळाचा कारभार बघणाऱ्या अक्कांनी माझ्या कानात लाल नाडा ओवला. तेव्हापासून लग्नं, गणपती, हळदीकुंकू, सगळं माझ्यापासून सुरू होतं. माणसं मला जिवाच्या आकांताने शोधतात आणि दार उघडलं की विसरतात. "इथेच तर ठेवली होती" हे वाक्य मी फार ऐकलंय.

परवा अक्का लेकीकडे इंदूरला गेल्या आणि मला नंदाकाकूंकडे देऊन गेल्या. काकू कोल्हापूरच्या. काकांची रेल्वेत बदली झाली, म्हणून यंदाच इथे आल्या. रविवारी त्या मंडळात मुलांना शुद्ध मराठी शिकवतात. "'जेवण लावू का' काय? लावायला ते कुलूप आहे? 'वाढू का' म्हणा." कुलपाचं नाव आलं म्हणून मला ते आवडलं होतं.

आज सकाळी पुराचं पाणी काठच्या एका गावात शिरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून घरंच्या घरं आमच्या दारात उतरली. काकूंनी घाईघाईने अक्कांना फोन लावला.

"हॉल खाली आहे," अक्का म्हणाल्या. "तिथेच उतरव सगळ्यांना."

काकूंनी तळमजल्यावरची पंगतीची खोली उघडून दिली. कोल्हापुरात खाली म्हणजे खालीच. इथे खाली म्हणजे रिकामासुद्धा. अक्का वरच्या हॉलबद्दल बोलत होत्या.

त्यांतल्या रामकन्याबाईंच्या डोक्यावर पोतं होतं. घर गेलं, भांडी गेली, पण पेरणीसाठी राखलेला लसूण त्यांनी छातीभर पाण्यातून कोरडा आणला होता. "बाईजी, म्हारे तो बस इके वास्ते सूखी जगे चइये," त्या म्हणाल्या. काकूंनी मोरीजवळचा कोपरा दाखवला. तिथे तेवढी जागा उरली होती.

दुपारी केदार चहाची किटली घेऊन आला. तो इथलाच, मंडळाचे दिवे-पंखे बघतो.

"काकू, वरचा हॉल खाली पडलाय, अन यांना खाली कशाला ठेवलं?"

काकूंनी चमकून जिन्याकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. "अच्छा, अक्का 'खाली' म्हणाल्या काय? मग या रविवारी क्लास आम्ही घेतो."

"मला कळतं खाली म्हणजे काय," काकू म्हणाल्या. "पण वरची किल्ली अक्का बरोबर घेऊन गेल्यात."

तेव्हा मी त्यांच्या मुठीतच होते. मूठ त्यांनी पदराआड नेली.

मी वाजू शकले असते. नाही वाजले. कालच वरच्या फरशीला पॉलिश झालंय. आरशासारखी फरशी, आणि चिखलाचे एवढे पाय. नको, असं मलाही वाटलं. काकूंना निदान लाज वाटत होती, माझा तर नुसता नखरा. नाडा अंगाभोवती गुंडाळून मी शेवेच्या डब्यात गुपचूप उतरले.

आता मोरीतून पाणी उलटं वर येतंय. पोत्याचा तळ भिजलाय. भिजलेला लसूण लगेच कोरड्या फरशीवर पसरला तर वाचतो, पोत्यात राहिला तर सडतो, असं रामकन्याबाई काकूंना समजावतायत. काकू "हो, हो" म्हणतायत. ती फरशी त्यांच्या डोक्यावर आहे.

"बेटा, कोई खाली डब्बो हे कई? पानी फेंकनो हे."

हे अपूर्वाला विचारलं. अपूर्वा वर्गात हजेरीसुद्धा इतकी हळू देते की काकूसुद्धा दोनदा नाव घेतात. मोरीपाशी बादली आहे, तांब्या आहे. पण माझा डबा हलला. तिने हाच उचलला. या वेळी मी अंगात होता नव्हता तेवढा आवाज केला.

"यो डब्बो तो खाली नी हे," रामकन्याबाई म्हणाल्या. झाकण निघालं. केवढा उजेड. सगळे माझ्याकडे बघतायत, काकू सोडून.

"आई, ही वरच्या हॉलची आहे," अपूर्वा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काकूंनी पदर खोचला. पोत्याला एका बाजूने हात घातला. "चला रामकन्याबाई, धरा तिकडून. वर नेऊ. चुकलं माझं."

माझं त्यांच्याहून जास्त चुकलंय. मलाही माफी मागायची आहे, पण जिन्यावरून हाक येतेय, "अपूर्वा, किल्ली आण," आणि तिने मला उचललंय. रामकन्याबाई, जाता जाता एवढंच, वरचा हॉल सकाळपासूनच खा—