राजाच्या डगल्याची बटणपट्टी

बसा हो, असे टेकून बसा. घाईत ऐकायची गोष्ट नाही ही. एका राजाच्या डगल्याची आहे. राजा खरा नव्हे, टीव्हीतला. पण डगला खरा, मखमलीचा, आणि शिवणारा माणूसही खरा. त्याचं काय झालं ते सांगतो.

तर एक शिंपी होता. गळ्यात कायम मोजायची टेप, जेवतानासुद्धा. म्हणून दोस्त त्याला टेपच म्हणायचे. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, कापडाचे गठ्ठे बाजूला सारायचे आणि चौघांनी मिळून जुनी मालिका बघायची, हा त्यांचा नेम. राजाची मालिका. चौतीस वर्षांपूर्वी ती लागायची तेव्हा रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, इतकं वेड होतं लोकांना. आता ती मोबाईलवर सापडली, आणि एका दवाखान्यातला कंपाउंडर ती वायर लावून टीव्हीवर दाखवायचा. तिसरा एक रिटायर्ड कंडक्टर. सगळे डायलॉग त्याला पाठ. सेनापतीचं तोंड उघडायच्या आत हा ओरडणार, "महाराज, किल्ला पडला!" चौथी बटणवाली ताई. समोरच तिचं बटणं-दोऱ्यांचं दुकान.

नुसतं बघायचे नाहीत बरं का. चूक पकडायची! राजाच्या काळात जे नव्हतं ते दिसलं की "राजाची चूक!" म्हणून आरोळी ठोकायची, मग बाकीच्या तिघांनी उभं राहून त्याला सलाम करायचा. आणि ज्याला त्याला आपल्या धंद्यातलंच दिसायचं. कंपाउंडरला शिपायाच्या दंडावर लस टोचल्याची खूण दिसली. कंडक्टरला रणांगणात टायरचे पट्टे.

"ट्रकचं चाक आहे," तो म्हणाला. "मागचं. जोडचाक."

"घोड्याचा नंबर पण सांगा आता," ताई म्हणाली. तिनं स्वतः राणीच्या दासीच्या पाठीवर चार भोकांचं प्लास्टिकचं बटण धरलं होतं.

टेपनं मात्र एकही चूक पकडली नव्हती. सगळे त्याला चिडवायचे. "अरे, ह्या मालिकेचे कपडे शिवलेस तू, आणि तुलाच दिसत नाही?"

त्याला दिसत होतं. एक चूक तर बघायच्या आधीपासून दिसत होती, आणि तिथंच त्याचा जीव अडकलेला.

त्याचं असं झालं. ताईचे वडील म्हणजे मास्तर. टेप त्यांच्या हाताखाली शिकला. मालिकेच्या कपड्यांचं काम मास्तरांना मिळालं, मोठं काम. राज्याभिषेकाचा डगला मास्तरांनी स्वतः कापला, खडूनं खुणा केल्या आणि शिवायला टेपकडे दिला. आता बघा, पुरुषाच्या कपड्याला डावी बाजू वर येते, बाईच्या कपड्याला उजवी. टेप आठवडाभर दासींच्या चोळ्या आणि जाकिटंच शिवत होता. हाताला सवय लागलेली. हात गेला तसाच. राजाला बायकी बटणपट्टी लागली!

दिवसभराचं शूटिंग उरकल्यावर कपडेखात्याच्या साहेबाला ते दिसलं. पन्नास माणसांत तो ओरडला, "कुणी शिवला हा?" टेपच्या बायकोला तेव्हा बाळंत होऊन दोनच महिने झालेले. त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. मास्तर पुढे झाले, म्हणाले, "मी." झालं. काम गेलं. पुढे कुठल्याच शूटिंगचं काम आलं नाही. मास्तर जन्मभर शाळेच्या चड्ड्या उसवत-शिवत बसले. बाजारात सगळ्यांना एवढंच ठाऊक, मास्तरांनी राजाचा डगला बिघडवला.

त्या दिवशी सायकल हातात धरून चालताना मास्तर टेपला म्हणाले होते, "गप्प राहा. माझ्या नावाला एक ठिगळ चालेल, तुझं नाव अजून शिवायचंय."

टेप गप्प राहिला. मास्तर जाऊनही सहा वर्षं झाली, तरी गप्पच.

राज्याभिषेकाचा भाग जवळ आला तसा त्यानं एक रविवार दुखण्याच्या सबबीवर काढला, दुसरा टीव्हीची वायर बिघडल्याच्या. तिसऱ्या रविवारी कंपाउंडर नवी वायर घेऊनच आला.

ताई त्या दिवशी स्टूल पुढे ओढून अगदी काचेला नाक लावून बसली. म्हणाली, "आज कुणी बडबड करायची नाही. हा भाग मी कधी बघितलेलाच नाही. घरी लागला की आई बंद करायची. बाबांचा हात कुठं चुकला ते मला बघायचंय."

राजा आला. तुताऱ्या वाजल्या. राजा सिंहासनाकडे चालला, बसला, उठला. चित्र जुनं, मखमल काळीभोर दिसत होती. ताई टाके शोधत होती, शिवण शोधत होती. छातीकडे बघून नजर खाली गेली, बाह्यांवर गेली. भाग संपला.

"मला तर काहीच दिसलं नाही," ती म्हणाली. चेहरा एकदम मोकळा झाला तिचा. "उगाच हाकललं बाबांना."

सुटलो, असं वाटलं टेपला. खोटं कशाला सांगू, वाटलंच. ती खूश, आपण मोकळे, कुणाचं काय गेलं?

तेवढ्यात कंडक्टरची जीभ सैल सुटली. "असेल गं काहीतरी. मास्तरांचे डोळे तेव्हा अधू झालेच होते. वयाचं कुणाला चुकलंय?"

ताई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

टेप उठला. "मागे घे," तो कंपाउंडरला म्हणाला. "राजा उठतो तिथं. थांबव." आणि काचेवर बोट ठेवलं. "पट्टी बघा. उजवी बाजू वर आहे."

कंडक्टर मांडीवर थाप मारत उभा राहिला. "राजाची चूक! शेवटी पकडली गड्यानं! उठा, सलाम करा!"

"सलाम नको," टेप म्हणाला. "राजाची नाही ती. मास्तरांचीही नाही. डगला मी शिवला."

मग सगळं सांगितलं त्यानं, सायकलपर्यंत. कंडक्टर खाली बसला. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, कुणी उठलं नाही.

"आईला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"नाही."

"आई शेवटपर्यंत बोलायची त्यांना. म्हणायची, एका डगल्यापायी संसार उसवलात. बाबा ऐकून घ्यायचे. हसायचेसुद्धा." ती टेपकडे वळली. "दादा, दर आठवड्याला माझ्याकडून बटणं नेतोस तू. बाबा दुकानात बसलेले असायचे. एकदा तरी बोलायचं होतंस, आईच्या समोर."

"जीभ रेटली नाही गं."

"माझा राग जाईल की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी काय देव नाही. पण बाजारात ज्याला ज्याला वाटतं बाबांनी तो डगला बिघडवला, त्या एकेकाला जाऊन सांग. तुझ्या तोंडानं. मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप निघाला. कापडवाला, अस्तरवाला, इस्त्रीवाला, एकेकाच्या दारात. अस्तरवाला म्हणाला, "कुठला डगला?" इस्त्रीवाला म्हणाला, "सोड ना यार आता." एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं मात्र हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मी मास्तरांना तोंडावर आंधळा म्हणालो होतो, ते फुकट?" टेपनं हो म्हणून मान हलवली. रंगारी आत गेला तो बाहेर आलाच नाही.

अजून फिरतोय तो. रविवारी चौघं बसतात. ताई येते, पण स्टूल कंडक्टरच्या पलीकडे ठेवते. आणि बाजारातली अर्धी माणसं गाव सोडून कुठं कुठं गेलीत, त्यांच्यापर्यंत टेप कसा पोचणार?

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्हीही दोस्तांबरोबर ती मालिका बघत असाल. राजा सिंहासनावरून उठेल, कुणीतरी पट्टी पकडेल, हसेल. हसू द्या, हसण्यासारखंच आहे ते. पण तो शिंप्याला नावं ठेवायला लागला, की एवढं सांगा त्याला, मास्तरांनी कापलेला डगला बरोबर होता. सांगाल ना?