मध्यंतरातला फोटो

"मालककाका, सिनेमाचं चोरून शूटिंग करणाऱ्याचा फोटो मध्यंतरात पडद्यावर लावायचा, हा कायदा नक्की कुणी केला?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि खांबाआड दडलेल्या मैत्रिणींमध्ये खसखस पिकली. पैज त्यांनीच लावली होती. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून शिट्टी फारच हवेत आहे, विचारून दाखव म्हणावं! शिट्टी हे तिचं शाळेतलं नाव. ती पोट धरून हसायला लागली की शेवटी श्वास संपून अशी काही शीळ निघायची की सर फळ्यावरून न वळताच म्हणायचे, "शिट्टी, बाहेर."

सिनेमागृहाचे मालक रागावले नाहीत. उलट खुशीत आले.

"कायदा कसला? थिएटर माझं, पडदा माझा. कोर्टाची शिक्षा व्हायची तेव्हा होईल, लाज मात्र मी हातोहात देतो. माझा धंदा बुडवतात लेकाचे! तुझा बाप इथं प्रोजेक्टर चालवतो, म्हणून तुला आधी दाखवतो. उद्यापासून हा फोटो. ओळखतेस?"

त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. फोटोत शिंपीकाका होते. तिच्या गणवेशाची शिलाई दरवर्षी उसवून वाढवून देणारे, गळ्यात टेप लटकवलेले, कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपीकाका.

"हे?" तिचा आवाज चक्क बारीक झाला.

"हेच. प्रत्येक थिएटरच्या चित्रात सिनेमाची कंपनी डोळ्यांना न दिसणारी खूण घालते. बाहेर फुटलेल्या कॉपीत खूण निघाली ती आपली, रविवारच्या दुपारच्या खेळाची. पडदा कुठल्या कोनातून दिसतो ते पाहिलं, तर शेवटची रांग. आणि कॉम्प्युटर म्हणतो, त्या रांगेत एकच तिकीट गेलं होतं. उद्या कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन येतोय."

शिट्टीला तो रविवार आठवला.

तिकीट एकच गेलं होतं, खरं आहे. पण माणसं तीन होती. हॉल रिकामा असला की बाबा तिला आणि दादाला बाजूच्या दारानं आत सोडत. कर्मचाऱ्यांच्या घरची मुलं अशीच सिनेमे बघत वाढली होती, त्याची नोंद कोण ठेवतो? शिंपीकाका यायचे ते गारव्यासाठी. सुरुवातीची नावं संपायच्या आत त्यांचं घोरणं सुरू. त्यांच्या शेजारी ती, तिच्या शेजारी दादा. आणि दादा त्या दिवशी काठी गिळल्यासारखा ताठ बसला होता. शर्टाच्या खिशातून फोनचा डोळा बाहेर. ती हसली की दबक्या आवाजात वसकायचा, "हलू नको गं, धक्का लागतो!" तिला वाटलं होतं, स्वारी सिनेमात रंगलीय.

"जिंकलीस बाई!" बाहेर येताच मैत्रिणींनी तिला घेरलं. एकीनं फोन काढला. "अगं, तोच सिनेमा आलाय माझ्याकडे. ऐक ना, गंमत आहे. मध्येच कुणीतरी हसतंय, अगदी तुझ्यासारखं!"

फोनमधून शीळ वाजली. मागे संथ घोरणं.

सगळ्या खिदळल्या. शिट्टीही खिदळायला गेली आणि तोंडावर हात दाबून थांबली. उद्या हेच पोलिसांनी ऐकलं तर? सरांनी ऐकलं तर? रस्त्यात मागून स्कूटरचा हॉर्न वाजला तरी तिचा जीव उडत होता. घर येईपर्यंत ती जवळजवळ पळतच सुटली.

दादा गच्चीच्या जिन्यात बसला होता. तोंड उतरलेलं. तिला बघताच म्हणाला, "कळलं ना तुला?"

"का केलंस रे?"

"एका ग्रुपवर टाकला फक्त. सगळ्यात आधी कोण टाकतो, अशी चढाओढ असते. सगळे वा वा करतात. मला काय माहीत एवढं पसरेल!" त्यानं तिचं मनगट धरलं. "तुरुंगात टाकतात, शिट्टे. मी वाचलंय. तू बोलू नकोस हं. शिंपीकाका म्हातारे आहेत, त्यांना कोण काय करणार?"

तिनं हात सोडवून घेतला. आता तिला त्याचीही भीती वाटायला लागली होती.

आत बाबा ताटापुढे बसले होते, पण घास तसाच. आई उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"बाबा, शेवटच्या रांगेत आम्ही होतो."

"हळू बोल," आई म्हणाली. आधी खिडकी लावली, मग वळली. "तू काही पाहिलं नाहीस. समजलं?"

शिट्टी बाबांकडे बघत राहिली. बाबा ताटाकडे.

"मालकांनी विचारलं मला," ते शेवटी म्हणाले. "तिथं आणखी कुणी होतं का म्हणून. मी नाही म्हणालो. फोटोही मीच चढवलाय मशीनवर." त्यांचा अंगठा ताटाच्या कडेवरून फिरत होता. "खरं सांगितलं तर पोरगा जाईल आणि नोकरीही. तुम्हाला घेऊन कुठं जाऊ मी?"

बाबा घाबरलेत, हे तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ढाल जिंकताना सभागृह भरलेलं होतं, तरी बोलायची अशी भीती वाटली नव्हती. गप्प बसावं, जेवावं, झोपावं, किती सोपं होतं! पण मध्यंतराचे दिवे लागतील, लोक पडद्याकडे बोट दाखवून हसतील आणि शिंपीकाका डोळे चोळत उठतील, तेव्हा समोर स्वतःचंच तोंड. ते चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

दादा दारात येऊन उभा राहिला होता.

"आई, बाबा," ती म्हणाली. दात वाजत होते, म्हणून थांबून थांबून म्हणाली. "उद्या पहिल्या खेळाआधी मी मालकांकडे जाणारे. आम्ही तिघं होतो, काका झोपले होते, फोन दादाचा होता, सगळं सांगणारे. दादानं केलंय त्याची कायद्यानं जी काय असेल ती शिक्षा होऊ दे. मी त्याच्यासोबत पोलीस स्टेशनात बसेन. पण काकांचा फोटो उतरवायला लावणार, आणि त्याच्या जागी दादाचाही चढवू देणार नाही. दादा आला तर दोघं जाऊ. नाहीतर मी एकटी."