विशाखा रडायची थांबली

परसराम गुरुजींना धाकटे दोन भाऊ होते. दोघेही वर्षाचे व्हायच्या आत गेले. एकाला हगवण लागली तेव्हा गळ्यात ताईत बांधला होता, दुसऱ्याच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिले होते. म्हणून स्वतःचं पहिलं मूल झालं तेव्हा गुरुजींनी ठरवूनच टाकलं, की याच्या बाबतीत गावातल्या कुणाचं ऐकायचं नाही, डॉक्टर सांगेल तेच करायचं. मॅट्रिकच्या पुढे गेलेले त्यांच्या घरातले ते पहिलेच. करडीच्या शाळेवर आल्यापासून गाव त्यांचा शब्द मानायचं, आणि ते शिकलेल्या माणसाचा.

पोरगी अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकात झाली, बायको वच्छलाच्या माहेरी, सिहोऱ्याला. सव्वादोन किलो भरली. नाव ठेवलं विशाखा. दोन महिन्यांनी वच्छला करडीला परतली ती निम्मी होऊन. पोरीला तासातासाला पाजावं लागे. चार घोट घेतले की तिचा डोळा लागायचा, खाली ठेवलं की किंचाळायची, की पुन्हा छातीशी. सगळी रात्र असंच. सासू नव्हती, हाताखाली कुणी नव्हतं. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या वच्छलाला डुलकी यायची. एकदा पदराचं टोक जळायला लागलं तेव्हा तिला जाग आली.

तिसऱ्या महिन्यात नर्सबाई आनंदाबाई गावात आल्या. झोळीचा काटा आढ्याला अडकवून त्यांनी विशाखाला तोललं. तीन किलो तीनशे.

"हळू वाढून राहिलं वजन," त्या म्हणाल्या. "पण वाढून राहिलं. मागंल तवा पाजत राय."

वच्छलाच्या कानात 'पाजत राय' राहिलं. गुरुजींच्या कानात 'हळू'.

त्या रविवारी दोघं पोरीला घेऊन तुमसरला एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पोरीचे डोळे पाहिले, पोटाला नळी लावली. काट्यावर ठेवली नाही. गुरुजींनी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "दिवसभर थोडं थोडं चघळते, म्हणून पोट भरत नाही. तुम्हीच सवय लावली आहे. चार-चार तासांनी पाजा. रात्री दहा ते पाच काही द्यायचं नाही. रडली तर रडू द्या. आठ दिवसांत झोपायला शिकेल. मग पोटभर पिईल आणि वजनही वाढेल."

गुरुजी परतीच्या बसमध्ये मोकळेपणाने बोलत होते. कोणीतरी नीट कारण सांगितलं होतं.

त्याच रात्री त्यांनी पाळणा बाहेरच्या खोलीत नेला. आईच्या अंगाचा वास आला की पोर जास्त रडते, म्हणून वच्छलाने आत झोपायचं. ते स्वतः पाळण्याशेजारी बसले. विशाखा रडू लागली. गुरुजी पाळणा हलवत होते, गाणं म्हणत होते, उचलत मात्र नव्हते. वच्छला दारात येऊन उभी राहिली. तिची चोळी समोरून ओली झाली होती.

"जरासं पाजू द्या ना जी. मंग लगेच ठेवून देईन."

"आज उचललं का उद्या पुन्हा पयल्यापासून," गुरुजी म्हणाले. त्यांचेही डोळे लाल होते. "तिच्याच भल्यासाठी आहे, वच्छला. तीन-चार रात्री कळ काढ."

त्या रात्री पोर अडीच तास रडली. दुसऱ्या रात्री दोन. चौथ्या रात्री तासाच्या आत गप्प झाली. सातव्या रात्री थोडी कुरकुरली, आणि मग काहीच नाही.

वच्छलाला जाग आली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती सलग झोपली होती. अंग हलकं झालं होतं. ती तशीच बिछान्यावर बसून राहिली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आली ती पोर नव्हती. झोप किती गोड होती, हे आलं. बाहेर गुरुजींनी चहा ठेवला होता.

"झाली ना शहाणी?" ते म्हणाले, आणि वच्छला हसली. हे हसणं तिला पुढे जन्मभर आठवायचं होतं.

पुढचे बारा-तेरा दिवस घर शांत होतं. गुरुजींनी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांना डॉक्टरांचा पत्ता दिला. विशाखा रात्री झोपायची, दिवसाही झोपायची. पाजायची वेळ झाली की तिला तळव्यांना गुदगुल्या करून उठवावं लागे. ती पाच-सहा वेळा ओढायची आणि छातीवरच डोळे मिटायची. आधी वच्छलाचे स्तन दगडासारखे ठणकायचे. मग हळूहळू ठणका गेला, ते मऊ पडले. तिला बरं वाटलं.

शेजारची कुंताबाई शेतातली लाखोळी काढून परतताना एके दिवशी ओट्यावर टेकली. तिने पाच लेकरं वाढवली होती. तिने विशाखाला मांडीवर घेतलं.

"रडत नाई आता?"

"नाई. झोपाले शिकली."

कुंताबाईने पोरीच्या टाळूवर बोटं फिरवली. दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"आज कितीक येळा मुतली?"

वच्छलाने आठवून पाहिलं. सकाळपासून एकच दुपटं बदललं होतं.

"वच्छला, हे झोप नोहे," कुंताबाई हळूच म्हणाली. "रडाले बी अंगात ताकद लागते. ते नाई उरली पोट्टीच्या अंगात. आता घे अन् पाज. घडी पाहू नको."

वच्छलाला एकदम राग आला. कशाचा, ते तिलाही कळलं नाही. "गुरुजीनं डॉक्टरले इचारून केलं आहे. तुमाले काय समजते त्यातलं?"

कुंताबाई उठली. पोर तिच्या हवाली करून, विळा उचलून घरी गेली. वच्छलाला वाईट वाटलं. तिने विशाखाला छातीशी धरलं, पण पोर प्यायली नाही, आणि मग दिवेलागण झाली. रात्री तिच्या मनात दोनदा आलं, की बाहेर जावं, पोरीला उठवावं. दोन्ही वेळा अंग उठलं नाही. ती झोपली.

तिसऱ्या दिवशी आनंदाबाई काटा घेऊन आल्या. दोन किलो आठशे. त्यांनी पोरीला खाली काढलं, काटा झटकला, पुन्हा तोललं. तेवढंच.

शाळेतून गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी डॉक्टर काय म्हणाले ते सगळं क्रमाने सांगितलं, वर्गात सांगावं तसं. आनंदाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मी मागंल तवा पाजा म्हटलं होतं, गुरुजी," एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बस किती वाजता आहे?"

भंडाऱ्याच्या दवाखान्यात विशाखाच्या नाकात नळी घातली. छातीत कफ धरला होता. पाच दिवस कुणी काही खात्रीने सांगेना. सहाव्या दिवशी नळी काढल्यावर वच्छलाने तिला पदराखाली घेतलं, पण पोरीच्या ओठांना पकड नव्हती, आणि आत दूधही नव्हतं. पिळून पिळून दोन-चार थेंब आले. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या रडणाऱ्या पोराला थोपटत म्हणत होती, "लय तरास देते जी हे पोट्टं, घडीभर चैन नाई." वच्छला त्या पोराचं रडणं ऐकत बसून राहिली.

संध्याकाळी वऱ्हांड्यात गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. सहा दिवसांची दाढी वाढली होती.

"मी आंधळा झालो," ते म्हणाले. "पन तू तर माय आहेस. तू भांडाचं होतं माझ्याशी. हिसकून घ्याचं होतं तिले."

तो डॉक्टर, हा नवरा, वच्छलाला कुणावरही दोष टाकता आला असता.

"मले झोप पायजे होती," ती म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते पायऱ्या उतरून हातपंपाजवळ गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले. तिने त्यांना हाक मारली नाही.

विशाखा जगली. दूध परत आलं नाही. कुंताबाईने मेथीचे लाडू करून आणले, आणि ते देताना जुनं काही काढलं नाही, तेही वच्छलाला सोसवलं नाही. गाईच्या दुधावर, वाटी-चमच्याने पोर वाढली. दोन वर्षांची झाल्यावर चालायला लागली. बारीकच राहिली. गुरुजींनी बदली मागून घेतली आणि ते बपेऱ्याला गेले. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

विशाखा पाच वर्षांची असताना एके दिवशी वच्छला सकाळीच एका लग्नाच्या घरी भात रांधायला गेली. पोरीला गुरुजी जेवू घालतील असं ती धरून चालली, आणि वच्छला तिला बरोबर घेऊन गेली असेल असं समजून गुरुजी शाळेत गेले. वच्छला उन्हं कलल्यावर परतली तेव्हा विशाखा घराच्या पायरीवर बसली होती. हात मांडीवर, पाय जुळवलेले. ओठ सुकले होते. शेजारी चार घरं होती, सगळ्यांची दारं उघडी होती.

"भूक नाई लागली का, माय?"

"सकाळी लागली होती," विशाखा म्हणाली.

वच्छलाने तिला आत नेलं, भात वाढला, वरून वरण घातलं. पोरगी खाली मान घालून खात राहिली. ताट संपलं तेव्हा तिने आणखी मागितलं नाही. वच्छलाने न विचारताच पुन्हा वाढलं, आणि तेही तिने संपवलं.